कोट्याचा पांढरा दगड

महाराष्ट्राचा दगड काळा, ही मराठी वाचकाची जुनी समजूत बव्हंशी खरी आहे. राज्याच्या फार मोठ्या भूभागावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर पसरलेले आहेत. वेरूळची लेणी त्यांतच खोदली गेली, सह्याद्रीचे गड त्यांवरच उभे राहिले, आणि मराठी कवितेतील दगडाला जो करारीपणा चिकटला तोही ह्याच कातळाचा. मात्र अग्नीतून आलेला दगड प्राण्याच्या देहाची आठवण सहसा ठेवीत नाही. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात शंखशिंपले आणि वनस्पती सापडतात, तेवढा अपवाद. एरवी हा दगड मनुष्याने त्यावर जे कोरले तेच सांगतो. स्वतःजवळचे फारसे काही सांगत नाही.

ह्या काळ्या प्रदेशाच्या आग्नेय टोकाबाहेर, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील दगड फिकट, पातळ थरांचा, पापुद्र्यांसारखा सुटणारा चुनखडक आहे. भूवैज्ञानिकांनी ह्या गावाचे नाव एका सबंध शैलसमूहाला दिले असून त्याचे वय ज्युरासिक कालखंडाच्या पूर्वार्धात, म्हणजे ढोबळ मानाने १७ ते १९ कोटी वर्षांमागे नेले जाते. वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ते मिटोत वा न मिटोत, सह्याद्रीच्या कातळाहून हा दगड अडीचपटीने तरी जुना आहे, एवढे निश्चित.

चुनखडक म्हटला की समुद्र आठवतो. येथे समुद्र नव्हता. उथळ, गोड्या पाण्याची सरोवरे होती, पाण्यात चुन्याचा अंश विपुल होता आणि तो तळाशी थराथराने साचत गेला. त्या तळावर मेलेले मासे निजले ते तसेच राहिले. त्यांतील 'लेपिडोटस' जातीच्या माशाचे खवले चौकटीच्या आकाराचे, जाड आणि चकचकीत मुलामा दिल्यासारखे होते. मांस केव्हाच गेले, पण तो मुलामा अद्याप शाबूत आहे. ज्या सीलाकँथ कुळातील जिवंत मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ हाती लागून जगभर खळबळ उडाली, त्याच कुळाचा एक प्राचीन भाऊबंद कोट्याच्या दगडात आहे. ह्याच शैलसमूहातून कीटक मिळाले आणि उडणाऱ्या एका सरपटणाऱ्या प्राण्याचे अवशेषही मिळाले. चुनखडकाच्या जोडीच्या मृत्तिकाथरांतून अत्यंत लहान सस्तन प्राण्यांचे दात निघाले. माती धुऊन, चाळून, मग भिंगाखाली शोधून काढावे लागणारे हे दात. महाकाय प्राण्यांच्या पायांखाली वावरणाऱ्या ह्या जीवांच्या वर्गातच पुढे मनुष्य निघावयाचा होता. त्यांतील एकाचे नाव 'कोटाथेरियम हाल्डेनी' असे १९८१ मध्ये ठेवण्यात आले. कोटा हे खेडे आणि जे. बी. एस. हाल्डेन हे शास्त्रज्ञ एका नावात असे एकत्र आले.

नावांचा हा विषय साहित्याच्या अभ्यासकाने सहज सोडून द्यावा असा नाही. ह्या खोऱ्यातील माशाला शास्त्रीय नाव मिळाले ते १८५१ मध्ये, लंडनमध्ये. दख्खनच्या पाहणीसाठी प्रसिद्ध असलेले कर्नल साइक्स यांनी तो विद्वत्सभेपुढे मांडला आणि तो 'डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, ठरला. त्यानंतरच्या दशकात ह्या प्रदेशाच्या दगडांशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये, भोसल्यांचे राज्य अद्याप असताना, नागपुरास आले. ते मराठी शिकले, १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली, आणि धर्मप्रसारातून उरलेला वेळ दगड फोडण्यात घालविला. नागपूरजवळच्या हिरवट कॅल्साइटला 'हिस्लोपाइट' हे नाव त्यांच्यावरून पडले; प्राणहितेपलीकडच्या मालेरी परिसरातील फुप्फुसमाशाचे दातही त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात घोड्यासह उतरलेले हिस्लॉप बुडून मरण पावले.

त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांत केवळ दगडांच्या नोंदी नव्हत्या. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीची टिपणे होती, आणि त्यांत परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेली लिंगोची गोंडी गाथा होती. रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये हे कागद संपादून छापले. गोंडी मौखिक वाङ्मयाच्या अगदी आरंभीच्या मुद्रित नोंदींत तिची गणना होते. ती जपली गेली ह्याबद्दल कृतज्ञ राहावे. पण गाणारा परधान त्या ग्रंथात जवळजवळ अदृश्य आहे, हेही वाचकाने विसरू नये. त्या गाथेत महादेव गोंडांना डोंगराच्या गुहेत कोंडतो आणि तोंडाशी शिळा लोटतो. त्यांच्या सुटकेसाठी लिंगो समुद्रकाठी एका प्रचंड पक्ष्याच्या पिलांपाशी जातो. पिलांना गिळण्यास पाण्यातून वर येणाऱ्या महाभुजंगाला बाणांनी मारतो. आणि अखेरीस शिळा दूर होऊन कोंडलेली माणसे बाहेर पडतात.

एकाच संग्राहकाच्या पेटीत शिळेखालून निघालेले प्राणी आणि शिळेआडून सुटलेली माणसे एकत्र यावीत, हा योगायोग मोहात पाडणारा आहे. भुजंगाच्या कथेमागे दगडातील हाडांचे दर्शन असावे, असे म्हणण्याची ऊर्मी त्यातून होते. ती आवरलेली बरी. त्याला कसलाही पुरावा नाही, आणि गाथेला अर्थ लाभावा म्हणून तिला हाडांचा टेकू देणे हे गाथेचे अवमूल्यनच होय. लिंगोची शिळा ही कोंडल्या गेलेल्या समाजाची शिळा आहे. कोट्याची शिळा कोणी कोणावर लोटलेली नाही, ती साचत गेली. दोहोंत एवढेच समान, की त्यांच्याविषयीचे पहिले छापील शब्द तेथल्या भाषेतले नव्हते. पुढे तर गोंडांच्या नावावरून 'गोंडवन' हे एका खडकसंघाचे नाव १८७२ मध्ये मेडलिकॉट यांनी योजिले, आणि ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक झ्यूस यांनी ते थेट एका लुप्त महाखंडास देऊन टाकले. अर्धे जग गोंडांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, पण खुद्द गोंडांच्या पदरी त्यातून काहीच पडले नाही.

स्वातंत्र्यानंतर ह्या खोऱ्याकडे लक्ष गेले ते कोलकात्याचे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेत भूविज्ञानाचे काम सुरू करण्यासाठी पामेला रॉबिन्सन ह्या ब्रिटिश विदुषीला पाचारण केले. १९५८ मध्ये मोठी हाडे दिसली आणि १९६०-६१ मध्ये पोचमपल्ली गावानजीक सुमारे ३०० हाडे उकरून काढण्यात आली. ती किमान सहा प्राण्यांची होती, आणि त्यांच्यासोबत दगड झालेले वृक्षांचे बुंधे पडलेले होते; पुराच्या लोंढ्यात कळप आणि झाडे एकदमच वाहून आली असावीत, असा तर्क आहे. मांडीचे हाड जवळजवळ पावणेदोन मीटर. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. म्हणून १९७५ मध्ये त्याला नाव मिळाले 'बारापासॉरस टागोराय'. बंगालीत त्याचा अर्थ 'मोठ्या पायाचा सरडा'. मराठी कानाला मात्र तो बारा पायांचा कोणी प्राणी वाटतो. हे हसण्यावारी नेण्यासारखे असले तरी त्यात एक बोच आहे. बंगाली अभ्यासकांनी आपली भाषा आणि आपला कवी निःसंकोचपणे त्या हाडांना जोडला, ह्यात त्यांचा दोष काहीच नाही. मराठीला त्या हाडांना काही म्हणावेसे वाटले नाही, एवढेच. 'जीवाश्म' हा शब्द आपण घडविला, तो 'अश्मीभूत अवशेषां'हून कितीतरी देखणा आहे. परंतु तो परिभाषाकोशातून फारसा बाहेर पडला नाही.

ह्या उदासीनतेला कारण आहे. सिरोंचा मुंबईपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलेला हा मुलूख. त्याच्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे सिरोंचा हे मुख्य ठिकाण होते. तेथे घरोघरी तेलुगू बोलली जाते, रानात माडिया-गोंडी, कचेरीत मराठी. आपल्या वाङ्मयाला अशा सरहद्दीची सवय नाही. सरहद्द म्हटली की त्याला बेळगाव आठवते. बारापासॉरसचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. ह्याच शैलसमूहातील 'कोटासॉरस' हैदराबादच्या बिर्ला संग्रहालयात. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यानाचे काम हाती घेतले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. जेथे दगड आहे तेथेच तो पाहता यावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

मध्यंतरी ह्या खोऱ्यात पाण्याचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. गोदावरीवरील मेडिगड्डा बंधारा २०१९ मध्ये पुरा झाला. त्याचे महाराष्ट्राकडील टोक सिरोंचा तालुक्यातील ज्या गावाशी टेकते त्याचे नाव पोचमपल्लीच. पोचम्मा ह्या ग्रामदेवतेवरून पडलेले हे नाव तेलुगू मुलखात एकाहून अधिक गावांना आहे. बंधाऱ्याच्या फुगवट्याने शेते बुडतात अशी सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची तक्रार राहिली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात बंधाऱ्याचेच काही खांब खचले. नदी, गाळ आणि वाहून आलेले देह ह्यांचा हिशेब त्या काठाला नवा नाही.

बारापासॉरसच्या हाडांत एका गोष्टीची उणीव राहिली आहे. सहा प्राण्यांच्या एवढ्या अवशेषांत कवटी सापडली नाही. काही सुटे दात तेवढे मिळाले. कोलकात्याच्या सांगाड्याचे डोके त्यामुळे अनुमानाने घडवावे लागले. खरे डोके पुराने पुढे नेले की ते अद्याप त्या खोऱ्याच्या मातीत आहे, ह्याचा उलगडा झालेला नाही.