पाव किलोवॅटची रग

कोल्हापूरच्या माणसाला कुठलीही गोष्ट बेताची चालत नाही. तांबडा रस्सा बेताचा तिखट झाला, तर तो आजाऱ्याला पाठवतात. म्हैस बेताची असली, तर पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तिला मागच्या दावणीला बांधतात. तेव्हा विजेच्या सायकलीला मोटर कोणती बसवावी, हा प्रश्न या गावात निघाला की त्याचा अर्थ 'किती पॉवर पुरेल?' असा नसतो. 'सगळ्यांत मोठी कितीची मिळते?' असा असतो. आमच्या बँकेत कर्जाच्या टेबलावर रोज हेच चालतं. "किती हवंय?" असं विचारलं, की समोरून उत्तर येतं, "किती बसतंय ते बघा की!"

आमचे हेडकॅशियर अण्णा गेली तीस वर्षं दर रविवारी सायकलवरून जोतिबाला जातात. गाव ते डोंगर सतरा-अठरा किलोमीटर, आणि शेवटचा चढ असा की तिथं नास्तिकसुद्धा आपोआप 'चांगभलं' म्हणतो. गेल्या वर्षी अण्णांचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, "सायकल सोडू नका, पण चढावर जोर लावू नका." वहिनी म्हणाल्या, "पोराची स्कूटर आहे की दारात." अण्णा दोन रविवार घरी बसले. तिसऱ्या सोमवारी त्यांच्या कॅशमध्ये दहा रुपये जास्त निघाले, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे सगळ्या शाखेला कळलं.

"स्कूटरवरनं गेलं की नुसतं पोचणं हुतंय," अण्णा म्हणाले, "जाणं हुत न्हाई."

तोडगा निघाला तो हब मोटरचा. बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा असतो ना, सायकलीच्या चाकातली तीच जागा म्हणजे हब. मोटर तिथंच बसवायची, बॅटरी दांडीला. खरेदीला अण्णांनी मला बरोबर घेतलं. मी बी.कॉम.; विजेचा आणि माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण वस्तू कुठलीही असो, तिच्या पोटात शेवटी आकडेच असतात, आणि आकड्यांना मी घाबरत नाही.

दुकानातल्या पोरानं अण्णांकडं न बघताच निकाल दिला, "काका, हजार वॅट टाका. नाद खुळा! नुसतं बसायचं आणि पिळायचं." अण्णांचा चेहरा असा उजळला, की गुडघेसुद्धा खूश झाले असावेत.

ही हजार वॅटची हौस आजची नाही. ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थांना विजेच्या सायकलीचं पेटंट मिळालं. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात, बॅटरी दहा व्होल्टची आणि मोटर शंभर अँपिअरपर्यंत ओढणारी. दहा गुणिले शंभर, हजार वॅट! तेव्हा इकडं शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेऊन पावणेदोन वर्षं झाली होती आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं सायकलचं दुकान सात वर्षांचं होतं. म्हणजे माणसानं सायकलीला मोटर लावली ती पहिल्याच फटक्यात हजाराची. बोल्टनसाहेबांचं आजोळ करवीर तालुक्यात असावं, असा माझा संशय आहे.

मी मात्र दुकानातल्याच एका पावतीच्या पाठीमागं हिशेब मांडला. अण्णा, सायकल, मोटर, बॅटरी आणि जोतिबाचा नारळ मिळून धरा १०० किलो. हे ओझं १०० मीटर उंच चढवायला शास्त्राप्रमाणे सुमारे २७ वॅट-तास लागतात. मोटर हजाराची असो की अडीचशेची, काम तेवढंच. वॅट जास्त म्हणजे काम लवकर उरकतं, एवढंच. दर बारा मीटरला एक मीटर चढ असेल, तर ताशी १० किलोमीटरनं चढायला २२५ वॅट लागतात आणि ताशी २० नं चढायला ४५०. दहाच्या वेगाला वारा आणि चाकांची घासाघीस यांचे आणखी २५ धरले की झाले अडीचशे. त्यांतले पाऊणशे अण्णांच्या पायांनी दिले, तर मोटरीनं द्यायचे पावणेदोनशे. बाकी शून्य.

"अण्णा, घाई कुणाला आहे?" मी विचारलं. "जोतिबाचं काउंटर काय आपल्यासारखं बंद होतंय?"

मग बॅटरीकडं वळलो. ४८ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ४८० वॅट-तासांचं खातं. त्यावर हजार वॅटची उचल सुरू केली, तर अर्धा ताससुद्धा पुरणार नाही. २४० ची केली, तर दोन तास चालेल. नोकरदाराच्या पगाराचंही असंच असतं. एकच खातं कुणाचं तीस तारखेपर्यंत पोचतं, कुणाचं पाच तारखेला आटपतं.

शिवाय खोक्यावर छापलेला हजार हा कोणता हजार, हेही विचारावं लागतं. पुष्कळदा तो क्षणभराचा असतो. ३१ मार्चला आमच्या शाखांमधल्या ठेवी कशा फुगतात आणि दोन एप्रिलला कुठं जातात, हे ज्यानं पाहिलंय त्याला जास्त समजवायला नको. सरकारला ही मेख ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये हिशेब धरलाय तो सलग तीस मिनिटं देता येणाऱ्या ताकदीचा. पायडलला साथ देणाऱ्या मोटरीची ही ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी, आणि ताशी २५ किलोमीटरला पोचताच किंवा पाय थांबताच तिनंही थांबायला हवं. तर ती सायकल. त्याच्यापुढं ते मोटार वाहन झालं. मग नोंदणी आली, लायसन आलं, विमा आला. 'पेक्षा कमी' या शब्दांवर मी बोट ठेवलं. बरोबर पाव किलोसुद्धा नाही, पाव किलोला चिमूटभर कमी! नोंदणी नसलेल्या हजार वॅटवरून उद्या कुणाला धक्का लागला, तर अण्णांची ग्रॅच्युइटी कुठं जाईल, हे सांगायला बी.कॉम.सुद्धा व्हायला नको.

आता मोटरीची जात. एक बिनगिअरची. ती वजनाला भारी, आवाज नाही, दणकट; उतारावर थोडी वीज परतही देते. पण हळू चढावर तिचा दम कोंडतो आणि निम्म्या विजेचं ती पाणी तापवायला ठेवल्यासारखं करते. बंद केली तर चाकाला ओढ लावते. दुसरी गिअरची. ती अंगानं लहान, पण पोटातली मोटर सुमारे पाच फेरे मारते तेव्हा चाक एकदा फिरतं, त्यामुळं कमी वॅटांतही चढाला रेटा चांगला देते. बंद केली तर चाक मोकळं. आतले नायलॉनचे दाते झिजतात, थोडी गुणगुण होते. पण तीस वर्षं नोटा मोजणाऱ्या माणसाला गुणगुणीचं काय?

अण्णा तरीही हजाराच्या खोक्याकडं वळून बघत होते. तो मोह उतरवला उद्यमनगरच्या मिस्त्रींनी. ज्या गावात बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावचे मिस्त्री छापील वॅटांना भुलत नाहीत. त्यांनी अण्णांची सायकल उलटी केली, चाकाच्या खाचेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मोटर चाक पुढं ढकलती, तवा आस मागं पिळतोय. ह्या खाचंत हजार वॅटचा आस थांबायचा न्हाई. खाच फाकली की वायरी पिळून तुटत्यात आन् तुम्ही रस्त्यावर." लहान मोटरीलासुद्धा ते आसाला पोलादी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, लावल्याशिवाय हात लावणार नव्हते. मग त्यांनी दांड्याचे ब्रेक दाबून पाहिले. "ताशी पंचवीसच्या पन्नास झाल्या, की थांबवायला चौपट जोर लागतोय. पावसात ह्ये ब्रेक काय करणार? चांगभलं म्हणणार."

अण्णांनी गिअरची लहान मोटर घेतली. नियमाच्या कुंपणाच्या आतली, मागच्या चाकाला, टॉर्क आर्मसकट. ब्रेकही नवे बसवले. वहिनींनी अट घातली, हेल्मेट. नियम मागत नसला तरी वहिनी मागत होत्या, आणि त्यांच्यावर अपील नाही.

बँकेत कर्ज देताना आम्ही मार्जिन मनी मागतो. सगळंच्या सगळं कर्ज काढून घेतलेल्या म्हशीकडं माणूस जरा कमीच बघतो, हा आमचा अनुभव. थोडे पैसे त्याचे स्वतःचे अडकले, की तो तिला पहाटे उठून वैरण घालतो. अण्णांचं मार्जिन पाऊणशे वॅटांचं आहे. डॉक्टरांना विचारूनच ते ठरवलंय, आणि दर रविवारी ते डोंगरावर स्वतःच्या पायांनी भरलं जातं. चढावर पोरं जोरात पुढं निघून जातात. अण्णा कडेनं ताशी दहानं चढत असतात. आणि सोमवारी कॅश पैशापर्यंत जुळते.