नकाराचं बालपण

कान उघडायच्या आधीच कान वाजू लागतो.

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचं पिल्लू जन्मल्यावर बारा-एक दिवस बहिरंच असतं. शेजारी पातेली आदळा, त्याला पत्ता नाही. पण त्याच दिवसांत त्याच्या आतल्या कानात, त्या वळत गेलेल्या नळीत, काही आधारपेशी मधूनमधून एटीपी नावाचं रसायन सोडत राहतात. त्याने शेजारच्या, ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी जाग्या होतात आणि मेंदूकडे स्पंदनांचे झुबके निघतात. थोडी उसंत, की पुन्हा एक झुबका. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ट्रिच आणि बर्गल्स यांनी २००७ साली हे दाखवलं. बाहेर कुणी बोललेलं नाही, काही पडलेलं नाही, आणि आत ऐकण्याची तालीम सुरू आहे.

तालीम कशाची? वजाबाकीची. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखायला दोन कानांचा हिशेब लागतो. मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना चेतापेशींचा एकेक पुंजका असतो. डाव्या पुंजक्याला डावा कान सांगतो ‘पेट’. उजव्या कानाचा निरोप वाटेत एका ठाण्यावर उलटा होतो आणि ‘थांब’ म्हणत पोचतो. दोहोंतून जे उरतं त्यावरून दिशा कळते. पण हिशेब जमायचा तर एकाच पट्टीचे ‘पेट’ आणि ‘थांब’ एकाच पेशीवर भेटायला हवेत. नवजात पिल्लात तसं नसतं. थांबवणारे तंतू ऐसपैस पसरलेले असतात, शेजारच्या पट्ट्यांतही नाक खुपसतात. मग छाटणी होते. पिट्सबर्गमधल्या किम आणि कांडलर यांनी २००३ साली ती मोजली. कान उघडण्याआधीच यातल्या बहुतेक जोडण्या मुक्या होतात, आणि टिकलेल्या जोडण्यांचा जोर सुमारे १२ पटींनी वाढतो.

ही छाटणी कोण करतं? ते आतलं वाजणंच. याच गटाने २०१४ साली असे उंदीर तपासले, ज्यांच्या कानातून निघणाऱ्या स्पंदनांची संख्या जवळपास नेहमीएवढीच होती, फक्त त्यांची लय बदललेली होती. तेवढ्यानेच छाटणी बिघडली. जे गळायचं ते गळलं नाही, जे बळावायचं ते बळावलं नाही. तबला शिकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मला मात्र वाटलं. मेंदूतला प्रतिबंध म्हणजे गाडीबरोबर कारखान्यातूनच बसवून आलेला ब्रेक, अशी माझी समजूत होती. चेतापेशी उद्दीपित होतात, शिकतात, आठवतात. थांबवणाऱ्या पेशी नुसत्या थांबवतात. शिकणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव मी कधी घातलंच नव्हतं.

आणि याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. या तालमीच्या बऱ्याच काळात ‘थांब’ म्हणणारे हे सिनॅप्स, म्हणजे पेशींमधल्या या जोडण्या, मुळात ‘थांब’ म्हणतच नसतात.

‘थांब’चा निरोप नेणारा गॅबा हा मेंदूतला प्रमुख प्रतिबंधक रेणू. मेंदूत तो सापडला १९५० साली. प्रौढ मेंदूत तो पेशीला शांत करतो. पण येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली नवजात उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात उलटंच पाहिलं: तोच गॅबा पेशीला उचलतो, पेटवतो, आणि पेशींचे गटच्या गट एकदम लाटेसारखे उसळतात. रेणू तोच, त्याने उघडणारं दारही तेच. त्या दारातून क्लोराइडचे कण ये-जा करतात. दादरला लोकलचं दार उघडलं की लोंढा आत जाणार की बाहेर येणार, हे दार ठरवत नाही. गर्दी कुठल्या बाजूला आहे, ते ठरवतं. लहान पेशीत क्लोराइड आत साचलेलं असतं, म्हणून दार उघडताच ते बाहेर धावतं आणि पेशी उत्तेजित होते. पुढे केसीसी२ नावाचा पंप वाढतो आणि क्लोराइड बाहेर काढत राहतो. मग तेच दार उघडलं की ते आत शिरतं आणि पेशी शमते. या पंपाचं काम हेलसिंकीच्या काय काइला यांच्या गटाने १९९९ साली उलगडलं. उंदरांत हा पालट जन्मानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होतो. जिवंत पिल्लाच्या मेंदूत गॅबा खरंच कितपत पेटवतो आणि कितपत नुसता उंबरठ्याशी आणून सोडतो, यावर अजून वाद आहेत. पण कोवळ्या पेशीत त्याचा विजेचा रोख उलटा असतो, हे पुन्हापुन्हा दिसलेलं आहे.

याच बेन-आरींच्या गटाने २००६ साली आणखी एक निरीक्षण मांडलं. प्रसूतीच्या सुमारास आईच्या शरीरातलं ऑक्सिटोसिन पिल्लाच्या मेंदूत पोचतं आणि गॅबाला थोड्या वेळापुरतं शांतवणारं करतं. जन्माच्या घुसमटीत मेंदूने उगाच पेटू नये, अशी ही तजवीज. काही तासांनी पुन्हा पहिले पाढे. हे उंदरांतलं आहे, माणसाला तसंच्या तसं लावू नये, हे कळत असूनही मी ते वाचून थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

नात्यातल्या एका बारशाला बाळाच्या आत्याने पाळण्यावर वाकून कानात नाव सांगितलं आणि ‘कुर्र’ केलं. बाळ दचकलं. दोन्ही हात फाकले, बोटं पसरली, मग हळूहळू सगळं मिटलं. बाराव्या दिवशी आपण बाळाच्या कानात बोलतो आणि उंदराचे कान बाराव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, हा निव्वळ योगायोग. माणसाचं बाळ पोटात असल्यापासूनच ऐकत असतं. पण एकाच कानाशी केलेलं ते ‘कुर्र’ म्हणजे वजाबाकीचं किती सोपं उदाहरण! आत्याबाईंना मी हे सांगायला गेले नाही. त्या पेढ्यांच्या हिशेबात होत्या.

या उलट्या गॅबाची किंमतही मोजावी लागते. नवजात बाळाला आकडी आली तर गॅबाचा जोर वाढवणारं फिनोबार्बिटोन देतात. बऱ्याच बाळांना ते पुरत नाही. कधी हातापायांचे झटके थांबतात आणि मेंदूतली विजेची वादळं आलेखावर चालूच दिसतात. पेशीत क्लोराइड भरणारा एक वेगळा पंप असतो, तो ब्युमेटानाइड या औषधाने अडवून पाहावा, असा विचार पुढे आला. युरोपातली त्याची एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. आकडी हवी तशी आटोक्यात येईना, आणि काही बाळांच्या श्रवणात दोष आढळले. तोच पंप आतल्या कानालाही लागतो.

डोळ्यांची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही काळ बंद ठेवला, तेव्हा मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात त्या डोळ्याची जागा दुसऱ्याने बळकावली. मोठ्या मांजरात तसं झालं नाही. त्या संवेदनक्षम काळाची खिडकी कशाने उघडते, याचं उत्तर १९९८ साली ताकाओ हेन्श आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि ते कुणाला सहज सुचलं नसतं. गॅबा बनवणारं एक विकर नसलेल्या उंदरांत ही खिडकी उघडतच नाही. डोळा बंद ठेवा, मेंदू ढिम्म. मेंदूत डायझेपाम सोडून गॅबाचा परिणाम वाढवला, की खिडकी उघडते. झोपेच्या गोळीच्या कुळातलं औषध, आणि त्याने शिकणं सुरू होतं! बदलायला मोकळीक लागते असं आपण धरून चालतो; इथे पुरेसा आवर आल्यावरच बदल शक्य झाला. आणि तो आवर पिकतो उजेडाने. जन्मापासून अंधारात वाढवलेल्या पिल्लांत या थांबवणाऱ्या जोडण्या कच्च्या राहतात आणि खिडकी लांबणीवर पडते.

तिकडे दिल्लीत पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या, शस्त्रक्रियेला उशीर झालेल्या मुलांना दृष्टी मिळाली. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना लगेच नजरेने ओळखता येईना, पण थोड्याच दिवसांत येऊ लागली. म्हणजे ‘वेळ गेली की सगळं संपलं’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य जरा सैल करायला हवं. नजरेचा तीक्ष्णपणा मात्र त्यांना पुरता मिळत नाही.

आणि मग कॅलिफोर्नियातला २०१० सालचा प्रयोग येतो, जो माझ्या या सगळ्या मांडणीला आडवा जातो. उंदराच्या भ्रूणातल्या, पुढे थांबवणाऱ्या पेशी होणार असलेल्या कोवळ्या पेशी काढून त्या जन्मलेल्या पिल्लांच्या मेंदूत रोवल्या. पिल्लांची स्वतःची खिडकी नेहमीच्या वेळी उघडली आणि मिटली. त्यानंतर दुसरी उघडली, रोवलेल्या पेशी स्वतः त्या वयाच्या झाल्या तेव्हा. भोवतालच्या मोठ्या झालेल्या मेंदूने, त्याने पाहिलेल्या उजेडाने त्यांना घाई केली नाही. त्यांनी आपलं वय आपल्याबरोबर आणलं होतं. अनुभव घडवतो, असं मी इतका वेळ म्हणत आले. या पेशींना ते अर्धंच मान्य दिसतं.