वसईतले नाताळचे जेवण आणि ज्येष्ठांचे ताट

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसईला जाण्याचा योग आला, तर वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडील इमारतींची गर्दी मागे पडेपर्यंत थोडा धीर धरावा. पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल या बाजूला वळलात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या वाड्या आणि भाजीचे मळे दिसू लागतात. या दिवसांत घराघरांवर तारे लुकलुकत असतात, अंगणात गवत आणि माती यांचा येशूजन्माचा गोठा उभा असतो आणि स्वयंपाकघरांतून तळणाचा, व्हिनेगरचा व भाजलेल्या मसाल्याचा वास एकाच वेळी बाहेर येत असतो.

हा प्रदेश 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर ते गेले; धर्म राहिला, काही शब्द राहिले आणि काही पदार्थ राहिले. ‘नाताळ’ हा शब्द त्यांचा, ‘पाव’ही त्यांचाच. बाकी सारे मात्र इथल्या मातीचे आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा अनेक समाजांचे ख्रिस्ती लोक येथे नांदतात. त्यांची प्रार्थना मराठीत, गाऱ्हाणी मराठीत आणि गप्पा तर आपापल्या गोड बोलींत. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच नंदाखालचे.

आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात वसईच्या जेवणाचे वर्णन कशासाठी, असे आपल्याला वाटेल. कारण असे, की सणाच्या दिवशी घरातल्या ज्येष्ठ माणसासमोर वेगळी वाटी ठेवली जाते. सगळे इंद्याल आणि फुगे खात असतात, आणि आजींच्या पुढे मऊ भात व पिवळे वरण. हेतू चांगला असतो; पण ज्या बाईने चाळीस-पन्नास वर्षे त्या घराचा नाताळ रांधला, तिला त्याच पंगतीत पाहुण्यासारखे बसावे लागते. पुष्कळदा ती दोन घास खाऊन उठते, आणि घरचे म्हणतात, ‘आजकाल तिला भूकच नाही.’ माझे मत स्पष्ट आहे. नाताळचा बेत आखताना आधी ज्येष्ठांचे ताट ठरवावे आणि मग त्यातूनच बाकीच्यांचा स्वयंपाक वाढवावा. वसईचे पदार्थ यासाठी आश्चर्य वाटावे इतके सोयीचे आहेत.

प्रसंगाच्या क्रमाने पाहू. पहिला प्रसंग 24 डिसेंबरच्या रात्रीचा. चर्चमधली मिस्सा रात्री उशिरा असते. परतल्यावर केक, वाइन, थोडे खाणे असा रिवाज अनेक घरांत आहे. या रात्रीचा खरा धोका पदार्थांत नसून घड्याळात आहे. आठ वाजता जेवणाऱ्या आजोबांनी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतले आणि जेवण मात्र मिस्सा आटोपेपर्यंत लांबवले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. गुंगी आली असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने डॉक्टरांची मदत घ्यावी. म्हणून त्या रात्रीचे जेवण नेहमीच्याच वेळी व्हावे: एखादी चपाती, भाजी, माशाचा तुकडा. मिस्सेनंतर केकची पातळ फोड पुरे. औषधाच्या वेळा बदलायच्याच असतील, तर ते डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारावे. घरच्या द्राक्षाच्या वाइनबद्दलही एक शब्द: झोपेची गोळी घेणाऱ्यांनी ती टाळावी. मध्यरात्री अनोळखी पायऱ्या, अंधार आणि तोल जाणारे शरीर हा मेळ चांगला नव्हे.

दुसरा प्रसंग म्हणजे 25 तारखेचे दुपारचे जेवण, आणि इथे थोडे रेंगाळू या.

या जेवणाचा राजा इंद्याल. लसूण, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेले डुकराचे मांस. गोव्याच्या विंदालूचा हा सख्खा भाऊ. ऐकताच पथ्यवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण हा पदार्थ रांधण्याची जुनी रीत नीट पाहा. चव मुरावी म्हणून तो आदल्या दिवशी करतात. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, की चरबी वर येऊन गोठते. सकाळी ती चमच्याने अलगद काढून टाकता येते. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे मीठ कमी घातले तरी जिभेला उणे वाटत नाही. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाला तर हे मोजूनच पाळावे लागते. तेव्हा साऱ्या पातेल्यातच मीठ निम्मे घालावे आणि मिठाची वाटी तरुणांसाठी टेबलावर ठेवावी. तिखटासाठी रंगाची, सौम्य मिरची वापरावी. मांसाचे तुकडे लहान कापून मंद आचेवर बोटाने तुटतील इतके शिजवावेत, म्हणजे कवळीलाही ते जड जात नाहीत. एवढे केल्यावर आजोबांसाठी वेगळे पातेले चढवण्याची गरजच उरत नाही.

वयोवृद्धांना मांस, मासे, अंडी यांपासून सरसकट दूर ठेवणे हितावह नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. उतारवयात स्नायू झिजतात. म्हणून ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. साठ किलो वजनाच्या माणसाला हे साठ ते बहात्तर ग्रॅम होतात. नुसत्या मऊ भातातून ते भरून येत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. सोरपोतेलची गोष्ट मात्र वेगळी. त्यात काळीज वगैरे अवयव असतात आणि ते युरिक अ‍ॅसिड वाढवतात; संधिवाताच्या त्या जातीचा त्रास असलेल्यांनी चवीपुरता चमचाच घ्यावा.

इंद्यालचा जोडीदार फुगा. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध यांचे पीठ आंबवतात आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधून गोळा पिळून तो तेलात सोडतात. तो टम्म फुगतो, म्हणून फुगे. ज्येष्ठांनी एक किंवा दोन खावेत आणि तेही रश्शात भिजवून. गोव्यातल्या घरांत सोरपोतेलबरोबर सान्ना असतात. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाच्या, वाफवलेल्या आणि कापसासारख्या मऊ. फुगा नकोच असेल, तर गोव्याकडून ही उसनवारी करायला हरकत नाही. मधुमेह्यांसाठी एक सोपा हिशेब आहे: फुगे, भात आणि गोड या तिघांपैकी त्या जेवणात एकालाच मान द्यावा, बाकीच्या दोघांची नुसती विचारपूस करावी.

गोडाचे ताट तर नजर ठरू देत नाही. काट्याच्या चमच्यावर वळलेली कुलकुले, करंजीच्या नात्यातल्या नेवऱ्या, रवा-खोबऱ्याचा केक. हे सारे घरोघरी वाटायचे असते, म्हणून नकार देणे ज्येष्ठांना जड जाते. अर्धी नेवरी त्यांच्या बशीत आधीच कापून ठेवावी. पूर्ण ठेवून मग हातातून काढून घेणे फार अपमानाचे होते.

आता खर्चाचा विचार. निवृत्तिवेतनावर राहणारे एखादे जोडपे घ्या. मुले परदेशी, घरात दोनच ताटे. त्यांनी डुकराचे मांस आणण्याचा अट्टाहास करू नये. इंद्यालच्याच मसाल्यात चार उकडलेली अंडी सोडली, तरी घरभर तोच वास दरवळतो. किंवा ओले बोंबील आणावेत. पापलेट आणि सुरमई सणाला हात लावू देत नाहीत, बोंबील मात्र त्यामानाने परवडतो आणि त्याचे मांस इतके मऊ, की दात नसलेल्यालाही तो चालतो. मधला काटा मात्र काढून द्यावा. सोबत भात, बेकरीतला पाव आणि पाव किलो मैद्याची कुलकुले. ती दोघांनी मिळून टेबलाशी बसून वळावीत. आखडलेल्या बोटांना तेवढाच व्यायाम होतो, आणि शेजारच्या मुलांना वाटायला बशी तयार असते.

आठ माणसांच्या कुटुंबात पैसा जातो तो मांसाच्या तीन-तीन प्रकारांवर. एकच प्रकार करावा आणि तो उत्तम करावा. बिनहाडाचे एक किलो मांस, अर्धा किलो बटाटे, अर्धा किलो तांदूळ आणि अर्धा किलो मैद्याचे फुगे इतक्यात आठ जण समाधानाने जेवतात. हिवाळ्यात वाल चांगले मिळतात; त्यांची नारळ घातलेली भाजी आणि काकडी-कांद्याची कोशिंबीर असली, की ताट भरलेले दिसते. विकतच्या सजवलेल्या केकऐवजी रव्याचा घरचा केक करावा. खर्च वाचतो आणि साखर आपल्या हातात राहते.

तिसरा बेत वाडीतल्या मोठ्या मेळाव्याचा: चाळीस पाहुणे, मांडव, आचारी. येथे पदार्थांपेक्षा व्यवस्थेकडे लक्ष हवे. शेवटचे मीठ-तिखट पडण्यापूर्वी ज्येष्ठांपुरता रस्सा बाजूला काढायला आचाऱ्याला आदल्या दिवशीच सांगावे. त्यांना बुफेच्या रांगेत उभे करू नये. हात टेकायला असलेली खुर्ची, जवळ स्वच्छतागृह आणि जागा मात्र मंडळींच्या मधोमध, आतल्या खोलीत नव्हे. मांडवात उघडे राहिलेले मांस, मासे आणि दुधाचे पदार्थ दोन तासांनंतर त्यांना वाढू नयेत. तरुणाचे पोट एक दिवस बिघडते, ऐंशीच्या माणसाला त्याच जुलाबांनी रुग्णालय गाठावे लागते.

पक्षाघात किंवा कंपवात यांमुळे ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांची काळजी घेणाऱ्यांनी पुढचा भाग सावकाश वाचावा. कोरडा फुगा, कडक कुलकुल, काजूचे तुकडे आणि खोबऱ्याचा चव हे सगळे ठसका लावणारे. पातळ रश्शात पोहणारे मांसाचे तुकडेही धोक्याचे, कारण तोंडाला द्रव आणि घन एकाच वेळी सांभाळावे लागतात. बटाटा आणि मऊ शिजलेले मांस त्याच रश्शात घोटून एकजीव, दाटसर करावे. चव तीच राहते. माणूस ताठ बसलेला असावा, चमचा लहान असावा, घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. जेवताना त्यांना गाणे म्हणायला किंवा जुनी गोष्ट सांगायला लावू नका. गप्पांची हौस त्यानंतर भागवावी.

नाताळनंतर नववर्षापर्यंत भेटीगाठी चालतात आणि उरलेला इंद्याल रोज गरम होतो. प्रत्येक उकळीने पाणी आटते, मीठ आणि तेल दाट होते. पातेलेच्या पातेले चुलीवर चढवण्यापेक्षा लागेल तेवढाच वाडग्यात काढावा, थोडे पाणी घालून खळखळून उकळावा आणि बाकीचा फ्रिजमध्येच राहू द्यावा.

परतीच्या वाटेवर वसईची सुकेळी मिळाली, तर घ्या. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात, तीच ही सुकेळी; रंगाने मधासारखी, चवीला त्याहून गोड. वाळवल्यामुळे साखर एकवटते, तेव्हा मधुमेह्यांना एखादा पातळ काप पुरे. पोटॅशिअमही भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. बाकीच्या आजी-आजोबांना बारीक काप करून, कोमट दुधात तासभर भिजवून द्या; नीट चावता येते आणि 31 तारखेच्या रात्री वेगळे काही गोड करावे लागत नाही.