तैताचा कस्तुर

केनियाच्या आग्नेयेला, त्सावोच्या रखरखीत मैदानातून तैता टेकड्या एकदम वर उठतात. हिंदी महासागरावरून आलेलं ओलं वारं इथे अडतं आणि माथ्यांवर धुकं उतरतं. त्या धुक्यावर पोसलेलं रान शेती, सरपण आणि पाइन-निलगिरीच्या लागवडीपायी जवळजवळ संपलं. माथ्यामाथ्यावर तुकडे तेवढे उरलेत. त्यांतल्या म्बोलोलो, न्गांगाओ, चाविया अशा मोजक्या रानांपलीकडे तैताचा कस्तुर जगात कुठेच नाही. एडगर मर्न्स यांनी 1913 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

काळसर डोकं, केशरी चोच, तांबूस कुशी, पांढरं पोट. आपल्याकडचे कस्तुर वर्षानुवर्षं पाहिलेल्या मला त्याची चाल लगेच ओळखीची वाटली. दोन उड्या मारून तो थबकतो, मान कलती करतो आणि चोचीच्या फटक्याने पान बाजूला उडवतो. खाली ओल असेल तर किडा सापडतो. फळंही तो खातो, पण त्याचा संसार चालतो तो दाट सावलीतल्या पाचोळ्यावर. उघडं शेत ओलांडून पलीकडच्या रानात जाणं त्याच्या जिवावर येतं.

अशा पक्ष्याची नुसती डोकी मोजून भागत नाही. संशोधक लूक लेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाळ्यात धरलेल्या पाखरांच्या दोन्ही नडग्या कॅलिपरने मोजल्या. वाढीच्या वयात पिलावर ताण आला, तर डाव्या-उजव्या नडगीत केसभर फरक राहतो. 1999 साली त्यांनी सात जातींचे निष्कर्ष मांडले, त्यांत हा कस्तुरही होता. फरक सर्वांत कमी निघाला तो म्बोलोलोच्या त्यातल्या त्यात शाबूत रानात, आणि सर्वांत जास्त चावियाच्या छोट्या, तुडवलेल्या रानात. चावियात माद्यांच्या मानाने नरही फार जास्त आढळले. गाणारे नर ऐकून रान भरलेलं वाटावं आणि घरटी मात्र थोडीच असावीत, याची मला फार धास्ती वाटते. पुढे 2002 च्या अभ्यासात दिसलं, की बिघडलेलं रान सोसणाऱ्या आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जात-येत राहणाऱ्या जातीच तगून राहतात. तैताचा कस्तुर दोन्हींत कमी पडतो.

तैता लोकांच्या ‘फिघी’ म्हणजे त्यांच्या देवराया. श्रद्धेने राखलेल्या या राया रानांना जोडणारे टप्पे ठरू शकतात, आणि देशी झाडांची लागवड त्यांच्या कडेनेच सुरू व्हावी असं मला ठामपणे वाटतं. पाइन मात्र एका दमात तोडू नयेत. सावली गेली की पाचोळा वाळतो, म्हणून खाली देशी रोपं डोक्यावर येईपर्यंत ते थोडे थोडे विरळ करत जावं.