घोट्याचं ऑपरेशन : दवाखान्यातलं सोपं, घरचं अवघड

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या बातम्या आम्ही पत्रकार दरवर्षी करतो. मृतांचे आकडे, पुनर्वसन, गळकी घरं. पण लोहारा-उमरगा भागात त्या पहाटे ज्यांचे पाय भिंतीखाली सापडले, ते आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या घोट्यांबद्दल कुणी लिहीत नाही.

गुडघा वयानं झिजतो. घोट्याच्या झिजेमागं मात्र बहुतेक वेळा जुना मार असतो. आमच्या काकांचं तेच झालं. हाड वाकडं जुळलं, आतली गादी घासत गेली, तीस वर्षांनी बांध ओलांडणं मुश्किल झालं. गोळ्या, पट्टा, इंजेक्शन सगळं करून झालं. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांधा जोडायला सांगितलं. म्हणजे उरलीसुरली गादी खरवडायची आणि नडगीचं व खालचं हाड स्क्रूनं आवळायचं. दोन्ही मिळून एकच हाड होतं. दुखणं बहुतेक जातं, पण घोट्याची वर-खाली हालचालही कायमची जाते. हा सौदा आधी नीट समजून घ्या.

साधारण सहा आठवडे पाय टेकवायचाच नाही. मग प्लास्टर किंवा बुटात हळूहळू भार. हाड जुळायला तीन महिने, कधी जास्तही. काका घरी आले आणि पहिला प्रश्न संडासचा! उकिडवं बसायचा, दारात दोन पायऱ्या, वॉकर आत जाईना. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं. घरचं एक माणूस पूर्ण अडकतं, म्हणून सोयाबीन काढणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका राव. बिडी-तंबाखू बंदच, त्यानं हाड जुळत नाही. शुगर आधी आटोक्यात आणा. पोटरी सुजून दुखली, जखमेतून पू आला, तर थेट दवाखाना गाठा. धाप लागली तर क्षणभरही थांबू नका.

आज काका सपाट रस्त्यानं चालतात, लंगडणं चटकन कळतही नाही. ढेकळात मात्र जड जातं. तुळजापूरला देवळाच्या पायऱ्या आडवे होऊन उतरतात. पुढं शेजारचे सांधे दुखू शकतात, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. शेतमजुराच्या तीन महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचं काय, ते मात्र आरोग्यमित्रही सांगू शकणार नाही.

धाराशिवला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. भूकंपात जखमी झालेल्यांसाठी तिथल्या हाडांच्या डॉक्टरांचं एक शिबिर लोहाऱ्यात घ्या, एवढीच मागणी आहे. लोकप्रतिनिधींना टॅग करतोय.