थेंबे थेंबे ऑइल गळे

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून कधीतरी खाली बघत चालून बघा. जवळपास प्रत्येक जुन्या बाइकखाली एक काळा डाग दिसेल. कुठे रुपयाएवढा, कुठे चांगला पुरणपोळीएवढा! कुणी त्यावर जुना पेपर अंथरतं, कुणी पुठ्ठा सरकवतं, कुणी मूठभर वाळू टाकून मोकळं होतं. ‘जुनी गाडी आहे, गळणारच’ हा आपल्याकडचा लाडका फंडा. मला तो अजिबात मान्य नाही. म्हातारपणामुळे कुठलंच इंजिन गळत नाही. गळायला कारण लागतं, आणि ते कारण बहुतेक वेळा डागाच्या बरोब्बर वर नसतंच.

हे ज्ञान मला पुस्तकातून नाही मिळालं. माझ्याकडे बाबांची बाइक आहे. शंभर सीसी, फोर स्ट्रोक, १९९४ चं मॉडेल. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाहीये, कारण दोष कंपनीचा नव्हताच. साताऱ्यात बाबांनी तिच्यावर अख्खी नोकरी काढली. मला पुण्यात जॉब लागला तेव्हा ‘आता तू चालव’ एवढंच बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मुलीला गाडी दिली म्हणून नातेवाइकांत जी काय चर्चा व्हायची ती झाली. तेव्हापासून बाणेर ते औंध, चार किलोमीटर जायचं, चार यायचं. फोनवर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘गाडी कशी आहे?’ माझी चौकशी नंतर.

२०२३ च्या पावसाळ्यात गाडीनं गळायला सुरुवात केली. आधी वरून, टॅपेट कव्हरपाशी. ऑफिसजवळच्या गॅरेजमध्ये नेली, त्यांनी रबराची ओ-रिंग बदलली. तीन आठवडे सगळं चकाचक. मग उजव्या बाजूनं, क्लच कव्हरच्या जोडातून ऑइल झिरपायला लागलं. दुसरं गॅरेज. नवं गॅस्केट, वर ट्यूबभर सीलंट. दीड महिना शांतता. मग डावीकडून! पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील गेलं म्हणे. तेही बदललं. एकानं सल्ला दिला, ‘जाड ऑइल टाका, थांबेल.’ दुसऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, ‘मॅडम, गाडी कुणाची? साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.’ साहेब म्हणजे कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी दोनदा प्रेमानं आणि एकदा लेखी सांगितलं, की नुकत्याच घातलेल्या टाइल्सची शोभा जातेय. ते मी हसण्यावारी नेऊ शकत होते. पण दिवाळीला साताऱ्याला निघाले आणि खंबाटकी घाटात एका वळणावर मागचं चाक बाजूला सरकलं. हातभरच असेल, पण पोटात गोळा आला. कडेला थांबून बघितलं, तर नवं सीलही गळत होतं. ऑइल चेनवर, चेनवरून रिमवर आणि रिमवरून टायरवर. टाइल्सवरचा डाग पुसता येतो. घाटात, मागून ट्रक येत असताना टायरवर ऑइल म्हणजे थेट जिवाशी खेळ. टायर पुसून, वीसच्या स्पीडनं घरी पोचले.

घरात निकाल लागला. दादा म्हणाला, भंगारात काढ. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि आमची पाळी २०२४ मध्ये होती. ‘गळती गाडी आरटीओपुढे कशाला न्यायची?’ हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. आई म्हणाली, जीव महत्त्वाचा. बाबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

खरं तर ऑइल गळण्याला मोटरसायकलच्या इतिहासात मानाचं पान आहे. जुन्या ब्रिटिश बाइक यासाठी इतक्या बदनाम, की त्यांच्या मालकांमध्ये विनोदच आहे : खाली ऑइल दिसत नसेल तर समजा इंजिनातलं संपलंय! त्यांचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं घर, दोन उभ्या फाकांचा असायचा. जोड थेट ऑइलच्या तळातून जायचा. १९६९ साली होंडाची सीबी ७५० आली, तिचा क्रँककेस आडवा कापलेला, आणि जोड ऑइलच्या पातळीच्या वर. पण गंमत बघा, आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाड्यांचे क्रँककेस सहसा उभेच जोडलेले असतात, आणि तरी त्या वर्षानुवर्षं कोरड्या राहतात. कारण दोन्ही फाकांचं मशिनिंग नेमकं असतं. म्हणजे जोड आहे म्हणून गळती आहे, असंही नाही. मग माझ्याच गाडीला काय झालं होतं?

त्याचं उत्तर नाना पेठेत मिळालं. पुण्यात गाडीचा कुठलाही पार्ट हवा असला की माणूस नाना पेठ गाठतो. मी गेले होते गॅस्केट घ्यायला. दुकानदार म्हणाला, ‘तिसऱ्यांदा नेताय. आधी मागच्या बोळातल्या मिस्त्रींना दाखवा.’

मिस्त्रीकाका सत्तरीचे असावेत. त्यांनी आधी पान्हा उचलला नाही, प्रश्न विचारले. ‘ताई, कुठून कुठून गळलं? ओळीनं सांगा.’ मी मोबाइलमध्ये तारखा लिहून ठेवल्या होत्या, त्या वाचून दाखवल्या. ‘शहरात जास्त गळते का हायवेला?’ हायवेला. ‘रोज किती चालवता?’ जाऊन-येऊन आठ किलोमीटर. काका नुसतंच ‘हं’ म्हणाले.

मग रॉकेल आणि ब्रशनं इंजिन धुऊन लख्ख पुसलं. आणि कपाटातून काढला पावडरचा डबा. आपण तोंडाला लावतो तीच! सगळ्या इंजिनावर पावडर फासली आणि मला गाडी फिरवून आणायला सांगितली. स्वारगेटपर्यंत जाऊन आले. पांढऱ्या पावडरीवर ऑइलच्या रेघा स्वच्छ उमटल्या होत्या. यात ट्रिक अशी, की ऑइल वाऱ्यानं मागे जातं आणि वजनानं खाली येतं, त्यामुळे थेंब पडतो तिथे गळती शोधायची नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. माझ्या गाडीवर अशा तीन जागा निघाल्या. तिन्ही वेगवेगळ्या.

‘तीन ठिकाणी एकदम कसं फुटेल?’ काका म्हणाले. ‘आत कुणीतरी ढकलतंय.’ त्यांनी इंजिनावरून निघणारा एक काळा रबरी पाइप उपसला, त्याचं टोक पुसलं आणि तोंडात धरून फुंकलं. गाल फुगले, हवा काही पलीकडे गेली नाही. मग बारीक तार घातली. पाइपातून निघालं ते बघून मला श्रीखंड आठवलं. फिकट, दाट, चिकट.

हा पाइप म्हणजे इंजिनाचं नाक, ब्रीदर. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते. शंभर सीसी म्हणजे शंभर मिलिलिटर, साधारण एका कटिंगएवढी हवा. ताशी साठ-सत्तरच्या स्पीडला इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर हा दाब सेकंदाला शंभर वेळा पडतो. शिवाय पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा जळका वायू सतत खाली उतरत असतो, अगदी नव्या इंजिनातसुद्धा. हा सगळा दाब ब्रीदरमधून बाहेर जायला हवा. नाक चोंदलं की तो दुसरी वाट शोधतो, आणि जिथे जोड सगळ्यात कच्चा तिथून ऑइलला घेऊन बाहेर पडतो. तुम्ही ती फट बुजवा, तो पुढची शोधतो. ओ-रिंग, गॅस्केट, सील... माझ्या मोबाइलमधली यादी म्हणजे कच्च्या जागांचा क्रम होता, बस्स! (टीममधला सगळ्यात मऊ माणूस आधी का रडतो, हेही मला त्या दिवशी कळलं.)

आणि ते श्रीखंड आलं कुठून? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण केमिस्ट्रीचं साधं गणित आहे. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांवरून खाली उतरतं. इंजिन चांगलं अर्धा-पाऊण तास तापलं तर तेही उडून जातं. पण चार किलोमीटरच्या राइडमध्ये ऑइल पुरतं तापतच नाही. त्यात पावसाळी हवा. पाणी आतच थंड होतं, ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि त्याचा हा लगदा बनून ब्रीदरमध्ये बसतो. तुमचंही ऑफिस घरापासून हाकेच्या अंतरावर असेल तर हे लक्षात ठेवा. कधी कारण वेगळंही असतं. पाइपला पीळ पडतो, किंवा कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते. निदान मात्र एकच, आधी नाक बघा.

काकांनी नवा पाइप लावला, ऑइल पूर्ण बदललं. मोटरसायकलसाठीचं, डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं. कारचं ऑइल नको, कारण आपल्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलनं तो घसरू शकतो. मग जोडांकडे वळले. आधीच्या कुणीतरी कव्हर स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं होतं, कडेला ओरखडे होते. काकांनी जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवला आणि त्यावर कव्हर आठच्या आकड्यात घासून सपाट केलं. गॅस्केट कोरडं बसवलं, सीलंटचा थेंब नाही. ‘जास्तीचं आत पिळलं जातं, आणि ऑइलच्या वाटेत अडकलं की इंजिन बसलं.’

बोल्ट त्यांनी मला आवळायला लावले. एकामागून एक नाही, समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, थोडे थोडे. मी जोर लावायला गेले तर हात धरला. अ‍ॅल्युमिनियममधले आटे मऊ असतात, जोरानं आवळले की जातात. ‘गळतंय म्हणून आवळायचं नसतं, ताई. बसलं की थांबायचं.’ ते जाताना मला म्हणाले, ‘पाइप दर सर्व्हिसला काढून फुंकायचा. तो कुणी काढत नाही, कारण त्याचं बिल होत नाही.’

तो हिवाळा गाडी कोरडी राहिली. मार्चमध्ये मुद्दाम खंबाटकी चढून साताऱ्याला गेले, मागचं टायर कोरडं. २०२४ च्या मे महिन्यात आरटीओत तपासणी झाली. इन्स्पेक्टर साहेबांनी वाकून इंजिनाखाली बघितलं आणि सही केली. आता २०२९ पर्यंत काळजी नाही.

जूनमध्ये बाबा पुण्याला आले. चहाच्या आधी पार्किंगमध्ये गेले. इंजिनाच्या पोटाखालून बोट फिरवलं, उजेडात धरून बघितलं. बोट कोरडं होतं, तरी सवयीनं रुमालाला पुसलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ब्रीदर, श्रीखंड, चार किलोमीटर. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘दूध संपलंय म्हणत होतीस ना? आणतो.’ डेअरी सोसायटीच्या गेटसमोर आहे, चालत दोन मिनिटं. ते किल्ली घेऊन गेले.

दीड तासानं परत आले. मी खाली धावले, तर हेल्मेट काढत होते. पिशवीत दूध होतं. ‘खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो,’ म्हणाले. ‘तूच म्हणालीस ना, इंजिन तापायला पाहिजे.’