खिळे जुळवणारा कवी

‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा वॉल्ट व्हिटमनचा कवितासंग्रह १८५५ च्या जुलैत ब्रुकलिनमध्ये पदरमोड करून छापला गेला. स्वखर्चाने निघालेल्या संग्रहाकडे आजही थोड्या संशयाने पाहिले जाते. प्रकाशक मिळाला नसेल, असे लोक धरून चालतात. व्हिटमनच्या बाबतीत मात्र पुस्तक छापणे हा कवितेच्याच कामाचा भाग होता, आणि त्याची मुळे त्याच्या पोरवयात आहेत.

अकराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. लवकरच तो एका वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. खिळे जुळवणाऱ्याला वाक्य बोटांनी वाचायची सवय लागते. ओळ किती जागा घेते, कुठे मोडते, हे त्याला लिहिण्याआधीच दिसते. १८३८ मध्ये व्हिटमनने ‘लाँग आयलंडर’ हे साप्ताहिक काढले. त्याचा मजकूर लिहिण्यापासून अंक घोड्यावरून घरोघर पोचवण्यापर्यंतची कामे तो जवळजवळ एकट्याने करी.

संग्रहाची पहिली आवृत्ती रोम बंधूंच्या छोट्या छापखान्यात निघाली. तिथे मुख्यतः कायद्याचे कोरे नमुने छापले जात. पानाचा ऐसपैस आकार त्या कागदामुळे आला असावा, असा एक तर्क आहे. ते कसेही असो, व्हिटमनच्या लांबच लांब मुक्त ओळींना ते पान मानवले. काही पानांचे खिळे त्याने स्वतः जुळवले. प्रती सुमारे ७९५, कविता १२, आणि एकीलाही स्वतःचे वेगळे शीर्षक नाही. शीर्षकपृष्ठावर कवीचे नाव नव्हते. समोरच्या पानावर होते ते टोपी घातलेल्या, सदऱ्याची गळपट्टी उघडी टाकून कमरेवर हात ठेवलेल्या माणसाचे चित्र. नाव वाचकाला सापडते ते पुढे, कवितेच्या ओघात. नावाआधी माणूस भेटावा ही योजना एखाद्या व्यावसायिक प्रकाशकाने मान्य केली असती, असे वाटत नाही.

विक्री फारशी झाली नाही. पण निबंधकार-विचारवंत एमर्सनला पाठवलेल्या प्रतीला उत्तर आले, तेही भरभरून कौतुकाचे. हे खासगी पत्र व्हिटमनने परवानगी न घेता छापू दिले आणि १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातले एक वाक्य सोनेरी अक्षरांत उमटवले. स्वतःच्या पुस्तकाची परीक्षणेही त्याने निनावी लिहिली. याचे समर्थन करता येत नाही. मात्र प्रकाशकाविना निघालेले पुस्तक वाचकापर्यंत नेणारे दुसरे कोणीच नसते, ही अडचण खरी होती.

१८६० मध्ये बोस्टनच्या थेयर अँड एल्ड्रिज या संस्थेने तिसरी आवृत्ती काढली, पण वर्षभरातच संस्थेचे दिवाळे निघाले. पुस्तक पुन्हा कवीच्या हाती आले. अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या उशाशी बसताना सुचलेल्या कविता पुढे या संग्रहात सामावल्या. जुन्या कविता बदलल्या, जागा बदलून आल्या. प्रत्येक आवृत्ती वेगळी निघाली, कारण तिचा अखेरचा शब्द ठरवणारा एकच माणूस होता. १८७३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर १८७६ ची लेखक-आवृत्ती तो कॅम्डेनमधल्या घरातून, सह्या करून, टपालाने विकत असे.

या हट्टाची खरी कसोटी १८८२ मध्ये लागली. बोस्टनच्या सरकारी वकिलाने अश्लीलतेचा ठपका ठेवला, आणि संग्रहाचा तेव्हाचा प्रकाशक ऑसगुड काही कविता वगळायला सांगू लागला. व्हिटमनने त्या वगळल्या नाहीत. छपाईच्या प्लेट ताब्यात घेऊन त्याने फिलाडेल्फियात पुस्तक छापून घेतले. वादामुळे ते आधी कधी नव्हते इतके खपले. १८८४ मध्ये त्याने कॅम्डेनच्या मिकल स्ट्रीटवर घर घेतले, त्यात या विक्रीचा वाटा होता.

१८९१-९२ च्या अखेरच्या आवृत्तीपर्यंत १२ कवितांच्या जवळपास ४०० झाल्या होत्या. पुढे कधी पुस्तक छापायचे झाल्यास हाच पाठ घ्यावा, अशी इच्छा व्हिटमनने त्या आवृत्तीत छापून ठेवली. २६ मार्च १८९२ रोजी त्याचे निधन झाले.